बुडावर नाव नसलेले पेले

पेला उलटा करून बघायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. बेव्हर्ली पार्कच्या मॅडम साडी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो उलटा केला. मी त्यांच्या साड्यांना फॉल लावते, पिको करते. आदल्याच दिवशी मी आत्याची ट्रंक नवघरहून माझ्या घरी आणली होती, आणि तिच्यातले सहा काचेचे पेले धुऊन खिडकीखाली पेपरवर वाळायला ठेवले होते. मॅडमनी त्यातला एक उचलला, उलटा केला आणि बुडावर बोट फिरवलं.

“नाव नाहीये,” त्या म्हणाल्या.

“कुणाचं नाव?”

“कंपनीचं. चांगल्या काचेवर खाली असतं. पण हे जुनं आहे. आणि हाताने केलेलं वाटतंय. बाहेरच्या देशातलंही असेल. कुणाचे आहेत?”

“आत्याचे. जानेवारीत गेली ती.”

“काय करायच्या त्या?”

“बंगल्यात कामाला होती.”

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला.

त्या वाईट नाहीत. त्यांच्या मनात काही नसेलही. पण असा ‘अच्छा’ मी लहानपणापासून ओळखते. वेगवेगळ्या तोंडांतून तो मी ऐकलाय, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळा माझ्याच मनात ऐकलाय.

मॅडमनी मोबाइलवर पेल्यांचे फोटो काढले. नया नगरला बांगड्यांचं दुकान असलेले एक चाचा आहेत, पूर्वी काचेच्या भट्टीत कामाला होते, जुनी काच बघताक्षणी ओळखतात, त्यांना दाखवते म्हणाल्या. “कुठल्या घरातले असतील तेही कळेल कदाचित,” असं त्या जिना उतरताना बोलल्या. मी दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिले.

हे मी मापांच्या वहीत मागच्या बाजूने लिहितेय. पुढून ब्लाउजची मापं आणि मागून हे. कुणाला दाखवायचं नाही. पण ते पेले तेव्हा खिडकीत होते, त्यांच्यातून येणारं ऊन फरशीवर हिरवट पडलं होतं, आणि मला ते बघताना सगळं आठवायला लागलं.

मला आत्याकडे ठेवलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. का ठेवलं ते मी विचारलं नाही. गावाहून एसटीने आले, मांडीवर फणसपोळीची पुरचुंडी, आणि नवघरच्या चाळीत आत्याच्या दारात उभी राहिले. तेव्हाचं नवघर सांगितलं तर माझ्या मुलीला खोटं वाटतं. चाळीच्या मागे भाताची खाचरं होती आणि त्यांच्या पलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके पांढरे व्हायचे की बघताना डोळे आपोआप बारीक होत. खाडीवरून वारा सुटला की ओल्या चिखलाचा आणि सुकटीचा वास घरात शिरायचा. दोरीवरचे कपडे वाळले तरी चिकट राहायचे. संध्याकाळी ओठावरून जीभ फिरवली तर खारट लागायचं.

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामा कंपनीत होते. चाळीतले सगळेच पुरुष कंपनीत होते. कुणाची कंपनी कशाची, हे बायका एकमेकींना विचारत नसत. दिवसपाळी की रातपाळी, एवढंच विचारत, कारण त्यावर स्वयंपाकाची वेळ ठरायची. मामा घरी आले की त्यांच्या अंगाला एक कोरडा, जळका वास यायचा, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर येतो तसा. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक गोल डाग होते. मी शेजारी बसून ते मोजायची. मामा हात पुढे धरून गप्प बसायचे आणि माझं मोजून झालं की विचारायचे, “भरले का गो बाय सगळे? एखादा पडला नाही ना वाटेत?”

त्यांचे गाल वेगळेच होते. माणूस सडपातळ आणि गाल मात्र सैल, रिकाम्या पिशवीसारखे खाली आलेले. चौदा एप्रिलला चाळीतल्या सगळ्या पोरांचे फुगे मामांकडे यायचे आणि एका दमात एक, असे ते फुगवून द्यायचे. चुलीतली लाकडं ओली असली की आत्या फुंकून फुंकून रडकुंडीला यायची. मग मामा खाली बसत. फुंकणी तोंडाला लावत. ते रिकामे गाल असे भरत की मी मागे सरकायची. एकच फुंक. लांब, हळू, मधे न तुटणारी. आणि फुंकता फुंकता ते फुंकणी बोटांत गोल गोल फिरवत. चूल फुंकताना फुंकणी कुणी फिरवत नाही. आत्या म्हणायची, “ती काय रवी आहे घुसळायला?” मामा फुंकत असल्याने त्यांना उत्तर देता यायचं नाही, फक्त डोळे हसायचे. लाकडं धडाडून पेटायची.

आत्याच्या हातात नेहमी निळ्या काचेच्या बांगड्या असायच्या. गडद निळ्या नव्हेत, जरा हिरवटाकडे झुकणाऱ्या, उन्हातल्या खाडीच्या पाण्यासारख्या. भाकरी थापताना त्यांचा आवाज यायचा. बांगडी फुटली की ती तुकडे फेकायची नाही, पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मला ते तुकडे हवे असायचे. चाळीतल्या मुली फुटक्या बांगड्यांनी खेळायच्या, माझ्याकडेच नव्हते.

“दे ना गं दोन.”

“नाही. मामांनी ठेवायला सांगितलेत.”

“मामा काय खेळणारेत?”

“विचार त्यांनाच,” ती म्हणायची. मी विचारलं नाही. मला विचारायला यायचंच नाही. शब्द तोंडाशी आले की मी ते गिळून टाकायची, आणि गिळलं की बरं वाटायचं. शाळेतही बाईंनी विचारलं तर उत्तर माहीत असून मी खाली बघायची.

मी तिसरीत असताना मामा गेले. खोकला होता. त्यानंतर आत्याच्या हातात निळ्या बांगड्या कधी दिसल्या नाहीत, आणि भाकरी थापण्याचा आवाज नुसता भाकरीचाच राहिला. डबा मात्र फळीवर तसाच होता.

त्याच वर्षी आत्या उत्तनच्या बाजूला एका बंगल्यात कामाला लागली. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथे राहायला येत, बाकीचे दिवस झाडलोट आणि राखण. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली, घरी पाणी भरायला कुणीतरी हवं होतं. आत्या संध्याकाळी परत आली की तिच्या पदराला तिथले वास असायचे, फरशीच्या पॉलिशचा, समुद्राचा, कसल्यातरी गोड बिस्किटांचा. त्या पदरात तोंड खुपसून मी बंगला बघायची. तिथे जिन्याला लाल गालिचा आहे, कपाटात काचेची भांडी आहेत, ती पुसताना हातात मोजे घालावे लागतात, असं ती सांगायची. तिचा स्वतःचा चहाचा मग मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, हेही तिने सांगितलं होतं, त्याच आवाजात.

आणि त्याआधीची ती बुद्धपौर्णिमा. मामा गेल्यानंतरची पहिली. आत्याने ट्रंक उघडली, तळाशी हात घातला आणि लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी वर काढलं. सहा पेले. मी काच घरात पहिल्यांदा बघत होते. आमच्याकडे सगळं पितळ आणि स्टील. पेले जाडसर होते, किंचित हिरवे, आणि प्रत्येकाच्या काठाखाली एक निळी रेघ होती, कुठे जाड कुठे बारीक, हाताने ओढावी तशी. एकही पेला दुसऱ्याएवढा नव्हता. मी ते उंचीने लावले तर प्रार्थनेच्या रांगेसारखे दिसायला लागले, शेवटचा तर अगदीच बालवाडीतला.

“हे कुठले गं?”

“ठेवून ठेवून आता कुणासाठी ठेवायचे,” आत्या म्हणाली. मला नाही, पेल्यांनाच म्हणाल्यासारखं.

तिने कोकम सरबत केलं. जिरं भाजून घातलं होतं. त्या हिरवट काचेत ते ओतलं की लाल रंग काळसर व्हायचा आणि काठाशी पुन्हा लाल दिसायचा. चाळीतल्या चार-पाच बायका विहारातून येताना आमच्या दारात बसल्या होत्या. शेजारची कुंदाकाकूही होती. ती नवघरच्या जुन्या आगरी घरातली, चाळीची जागा तिच्याच सासऱ्याची. बोलायला फटकळ आणि हाताने सढळ. तिने पेला उन्हात धरून बघितला.

“सुबद्रे, बंगल्याची पायरी लाभली गो तुला. भारी माल हाय.”

“घरचे आहेत,” आत्या म्हणाली.

“घरचे? तुज्या घरात काच कवा आली गो?”

सगळ्या हसल्या. आत्याही हसली, आणि कुंदाकाकूच्या पेल्यात तिने अजून थोडं सरबत ओतलं. माझा पेला माझ्या हातात होता, तो सगळ्यात लहान. ओठाजवळ नेलेला मी खाली ठेवला.

“मला स्टीलमधे दे.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाली.

पुढे दोनतीन वर्षांनी एका सोमवारी आत्या दुपारीच परत आली. बंगल्यातलं काहीतरी काचेचं हरवलं होतं, एवढंच मी भिंतीपलीकडून ऐकलं. तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या संध्याकाळी तिने ट्रंक उघडली, पेले एकेक करून जुन्या मऊ फडक्याने पुसले, उजेडात धरले आणि पुन्हा लुगड्यात गुंडाळून तळाशी ठेवले. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघत होते. मला वाटलं, लपवतेय.

त्यानंतर तिने पापड लाटले, शाळेत खिचडी शिजवली, दुसऱ्यांची बाळं सांभाळली. मला वाढवलं, माझं लग्न लावलं. माझ्या मुलीला पायावर घेऊन आंघोळ घातली. तिच्या हाताखाली मी मोठी झाले आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात ते सहा पेले उभे होते, रांगेत. मी तिच्यावर जीव टाकायची आणि तिला चोरही समजायची. दोन्ही एकाच वेळी जमतं. ते कसं, मला विचारू नका. दर बुद्धपौर्णिमेला पेले निघत, आणि दर वेळी मी स्टीलचा पेला घेई. एकदाही चुकले नाही.

चाळ पडून बिल्डिंग झाली. आत्याला तळमजल्यावर खोली मिळाली, कुंदाकाकूचं दार तिच्या दारासमोरच. गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला आत्याचा हात थरथरत होता, म्हणून सरबत मी केलं. तिने पलंगावरूनच विचारलं, “बाय, काचेत घेतेस आज?”

“नको. फुटला तर?”

“फुटला तर फुटला.”

मी स्टीलचाच घेतला. ती भिंतीकडे बघत तिचं सरबत प्यायली.

मॅडम गेल्यावर दोन दिवस माझ्या हातून पिको नीट झाला नाही. मॅडमच्या आधी मला कळायला हवं होतं. ते पेले कुठल्या घरातले निघाले तर निदान ते मला आधी कळावं, मुलीच्या कानावर जायच्या आत. ते मी कुणाला परत देणार होते, कसे, काहीच ठरवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी एक पेला टॉवेलात गुंडाळला. ट्रंकेतला पावडरचा डबाही पिशवीत टाकला. तो का घेतला ते सांगता येत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये, असं काहीतरी वाटलं असेल. रिक्षा करून नया नगरला गेले. दुकान सापडलं, आणि मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले. दुकानात गिऱ्हाईक असेपर्यंत जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कधी संपतच नाही.

शेवटी चाचांनीच हाक मारली. “बाई, ऊन आहे. आत या. बघायला पैसे नाय पडत.”

मी आत गेले आणि त्यांच्याकडे बघून थबकले. सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, अंगाने बारीक. आणि गाल. रिकाम्या पिशवीसारखे सैल गाल. हे मी कुठेतरी बघितलंय, असं वाटलं, पण कुठे ते लगेच आठवेना.

मी टॉवेल सोडला. चाचांनी पेला हातात घेतला, दुकानातल्या ट्यूबलाइटकडे नापसंतीने बघितलं आणि उठून दाराशी उजेडात गेले. नखाने काठावर टिचकी मारली.

“सुना? ठक. क्रिस्टल असता ना, तर घंटी वाजली असती. अजून वाजत असती.”

“मग हा बाहेरच्या देशातला नाही?”

“बाहेरच्या?” ते हसले. “बाटली आहे ही, बाई. दवाईची बाटली, तेलाची बाटली. ती काच. किनारी बघा, हरा रंग. आणि हे बुडबुडे? काच वितळवतात त्या हंडीच्या एकदम तळाची आहे. चांगला माल संपल्यावर राहते ती.”

“कंपनीचं नाव नाही बुडावर.”

“नाव साच्यात असतं. हा साच्यातला नाहीच. फुंकून बनवलाय.” त्यांनी पेला उलटा केला आणि मधला खरखरीत गोल डाग दाखवला. “फुंकून झाल्यावर पेला धरलेली सळई इथून तोडली. आम्ही ह्याला नाभी बोलायचो. ज्याला नाभी, तो माणसाने काढलेला. मशीनच्या पोराला नाभी नसते.”

मी आयुष्यात अनोळखी माणसाला फार प्रश्न विचारले नाहीत. पण तो एक मला विचारावाच लागला.

“चाचा, हे एखाद्या बंगल्यातले असू शकतात का? सहा आहेत. सगळे कमीजास्त उंचीचे.”

“कमीजास्त?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी खुळ्यासारखं काहीतरी बोलले. “बंगलेवाले सहा पेले सहा उंचीचे ठेवतात होय? बाई, हे भट्टी बंद व्हायच्या दिवसाचे आहेत.”

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना ते स्टुलावर बसले, मलाही बसवलं. काचेची भट्टी कधी विझवत नाहीत. दिवस-रात्र, सणवार, ती चालूच. चारपाच वर्षांनी आतली वीट खाल्ली गेली की मगच ती थंड करतात, नवी बांधायला. तेव्हा हंडीच्या तळाला काच उरते. ती काढावीच लागते, नाहीतर आत गोठून हंडी वाया. त्या दिवशी शेठ लोक बघत नसत. जो तो आपल्या घरासाठी काहीतरी फुंकायचा. कुणी मासा, कुणी बदक, कुणी पेपरवर ठेवायचा गोळा. साच्याशिवाय, मापाशिवाय. चाचा फिरोजाबादहून इथे आले तेव्हा हायवेच्या अलीकडे अशी एक भट्टी होती, तिथे बाटल्याच व्हायच्या. भट्टी बंद होऊन जमाना झाला, तिथे आता टॉवर आहे.

“आणि ही निळी रेघ?” मी विचारलं.

“तेच तर. आमच्या भट्टीत रंग कुठे होता? सगळं सफेद नाहीतर हरं. रंग पाहिजे तर घरून आणायचा. लोक बायकोच्या फुटलेल्या बांगड्या जमा करून ठेवायचे, त्या दिवसासाठी. गरम गरम असतानाच तुकडा चिमट्यात धरून असा टेकवायचा, की रेघ उठते.”

मी पिशवीतून पावडरचा डबा काढला. चाचांनीच तो उघडला. आत ते निळे तुकडे होते, किती वर्षांचे. त्यांनी एक उचलला, दाराशी नेला आणि पेल्याच्या रेघेला लावून धरला. दोन्ही एकच. उन्हातल्या खाडीच्या पाण्यासारखं.

“फिरोजी,” चाचा म्हणाले. “आता हा रंग येत नाय. हे पुढच्या वेळेसाठी जमवले असतील. कोण होतं तुमचं भट्टीत?”

“कुणी नव्हतं. मामा होते, पण ते कंपनीत...”

बोलता बोलता मी थांबले. चाचा पेला कसा फुंकायचा ते दाखवायला लागले होते. हातात फुंकणी आहे असं धरून त्यांनी गाल फुगवले. ते सैल गाल भरले, टम्म झाले. आणि त्यांची बोटं फिरायला लागली. गोल, हळू, न थांबता.

“फिरवायला का लागतं?” मी विचारलं.

“नाय फिरवलं तर काच लटकून पडेल एका बाजूला. सतत फिरवायचं. मग सवयच लागते. माझी बीवी बोलायची, तुम चम्मच भी घुमाते हो.”

चुलीचा धूर आला मला तिथे, त्या बांगड्यांच्या दुकानात. ओल्या लाकडांचा. हातावरचे गोल डाग आले, एखादा पडला नाही ना वाटेत. तो तापल्या तव्याचा वास आला. फुंकणी बोटांत फिरवत डोळ्यांनी हसणारे मामा आले आणि समोर आत्या, ती काय रवी आहे घुसळायला.

चाचांनी मामांचं नाव विचारलं. मी सांगितलं, सीताराम. त्यांनी खूप आठवून बघितलं, मान हलवली. “दोघे तिघे होते त्या नावाचे. चेहरा येत नाय समोर. खोटं कशाला बोलू.” मग पेला पुन्हा उजेडात धरून म्हणाले, “पण फुंक चांगली होती. भिंत बघा, एकसारखी आहे.”

मी तिथे रडले नाही. मला लोकांत रडता येत नाही. मी एक डझन बांगड्या घेतल्या, जो निळा रंग त्यातल्या त्यात जवळचा होता तो, आणि चाचांनी त्या माझ्या हातात भरल्या, न फोडता, एकेक. रिक्षात बसले तेव्हा मात्र हसायला आलं. किती वर्षांनी छातीवरून पाटा-वरवंटा उचलला गेल्यासारखं. सहा पेले मी दर वर्षी उंचीने लावत होते, बंगल्यातल्या कपाटात प्रार्थनेची रांग कुणी ठेवत नाही एवढं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि तिने मला सांगितलंही होतं. घरचे आहेत. याहून अधिक काय सांगायचं असतं?

संध्याकाळी मॅडमना फोन केला. मी कधी स्वतःहून फोन करत नाही, त्या घाबरल्याच, साडीचं काही झालं का म्हणून.

“नाही मॅडम. ते पेले. बाटलीच्या काचेचे आहेत. त्यांना काही किंमत नाही.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटून घेऊ नका हां.”

“नाही नाही,” मी म्हटलं. इतक्या आनंदाने आपल्या घरातल्या वस्तूला किंमत नाही असं कुणी सांगितलं नसेल.

मग पौर्णिमा आली. मी पेले नवघरला आत्याच्या खोलीवर घेऊन गेले. खोली अजून सोडायची आहे, पलंग नाही, भिंतीवर फोटोच्या जागी चौकोन उरलेत. खाचरं नाहीत, पण खिडकी उघडली की खारा वारा अजून येतो, दोन बिल्डिंगच्या मधून. जिरं भाजलं. सरबत केलं. पेले रांगेत लावले आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

कुंदाकाकू आता काठी घेऊन चालते. डोळ्याला कमी दिसतं, जीभ तेवढी शाबूत आहे. स्टुलावर बसली, मी तिच्या हातात सगळ्यात उंच पेला दिला. तिने तो चाचपला आणि ओळखला.

“सुबद्रेचं पेलं. बंगल्यातला माल.”

माझ्या तोंडाशी शब्द आले. गिळायची सवय मोठी आहे. पण हातात निळ्या बांगड्या होत्या, त्या वाजल्या.

“मामांनी केलेत ते, काकू. मामा काचेच्या भट्टीत होते. स्वतः फुंकून केलेत, घरासाठी. ही निळी रेघ आत्याच्या बांगड्यांची आहे.”

कुंदाकाकूने पेला डोळ्यांजवळ नेला. बोटाने ती रेघ शोधली, काठाभोवती पूर्ण फिरवली.

“तवाच सांगाचा ना तिनी.”

“सांगितलं होतं. घरचे आहेत म्हणाली होती. तुम्ही हसलात. मी पण घेतला नाही.”

बाहेर जिन्यात कुणाचा तरी कुकर वाजत होता. तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग सगळं संपवलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

“ओत गो आजून. सुबद्रा दोन वेला द्यायची.”

मी ओतलं. मग माझ्यासाठी हात सवयीने स्टीलच्या पेल्याकडे गेला. तो मी मोरीत नेऊन ठेवला. रांगेतला शेवटचा, सगळ्यात लहान पेला घेतला, भरला. काठ एका जागी जाड लागला. तिथूनच प्यायले.